झाकण्याआधी बघून घ्या: ठेकेदार आणि वायरमन यांच्याकडून काम करून घेताना

स्लॅबमधलं लोखंड काँक्रीटखाली जातं, वायरिंगचे पाइप प्लास्टरखाली जातात, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग टाइल्सखाली आणि पाया मातीखाली. घर किती टिकणार हे ज्या कामांवर ठरतं ती जवळजवळ सगळी शेवटी नजरेआड होतात. ठेकेदार निवडताना मात्र आपण त्याच्या जुन्या कामाचं फिनिशिंग बघतो, दर विचारतो आणि होकार देतो.

मी हे स्वतःच्या घराच्या दुरुस्तीत शिकलो. काम संपल्यावर दोन महिन्यांनी बैठकीच्या खोलीत फोटोसाठी खिळा ठोकला आणि अर्ध्या घराची वीज गेली. वायरमनने एका बोर्डापासून दुसऱ्या बोर्डापर्यंतचा पाइप भिंतीतून तिरका नेला होता, कारण तो जवळचा रस्ता होता. प्लास्टर होण्याआधी मी ती भिंत एकदाही पाहिली नव्हती, आणि वायरिंगचे पैसे मात्र त्याच आठवड्यात पूर्ण चुकते केले होते. तेव्हापासून दोन गोष्टी पाळतो. जे झाकलं जाणार आहे ते आधी बघायचं, आणि पैशांचे हप्तेही त्याच टप्प्यांना बांधायचे. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे.

ठेकेदाराला बोलावण्याआधी

आधी कागदावर काम ठरवा. ठेकेदार दारात उभा असताना "इथे एक पॉइंट, तिथे एक पॉइंट" असं बोट दाखवत ठरवलेलं काम हमखास वाढतं.

खोलीत पलंग, कपाट, टेबल कुठे येणार ते मापासह काढा आणि मगच विजेचे पॉइंट ठरवा. पलंगामागे अडकलेलं सॉकेट आणि कपाटाआड गेलेला स्विच ही वायरमनची चूक नसते. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्यानंतर जास्त वीज खाणाऱ्या उपकरणांची यादी करा आणि प्रत्येकापुढे वॉट लिहा. वॉटला व्होल्टने भागलं की करंट मिळतो. २३० व्होल्टवर २००० वॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॉटचा १३ अँपिअर. वायरची जाडी, एमसीबी (करंट जास्त झाला की लाइन आपोआप बंद करणारा स्विच) आणि कुठल्या उपकरणाला स्वतंत्र लाइन हवी हे या यादीवरून ठरतं. यादी नसेल तर वायरमन अंदाजाने ठरवतो, आणि एसी नंतर घेतला की भिंत पुन्हा फोडावी लागते.

भिंत काढायची असेल, मजला चढवायचा असेल किंवा टेरेसवर पाण्याची टाकी बसवायची असेल, तर ठेकेदाराच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. "ही भिंत काढली तर चालते" हे अनुभवी मिस्त्रीही मनापासून सांगेल, आणि बऱ्याचदा ते खरंही असेल. पण वरचं वजन कुठून खाली येतं हे हिशोबाने सांगणारा माणूस वेगळा असतो. त्याचं म्हणणं लेखी घ्या. महापालिकेची किंवा सोसायटीची परवानगी लागत असेल तर तीही याच वेळी मिळवा.

माणूस शोधताना

प्रत्येक ठेकेदाराची दोन कामं पाहा: एक सध्या चालू असलेलं आणि एक किमान दोन वर्षं जुनं. नुकतं पूर्ण झालेलं चकचकीत काम बघून फारसं काही कळत नाही.

चालू कामावर न सांगता जा. सिमेंटच्या पिशव्या थेट जमिनीवर टाकल्या आहेत की फळ्यांवर रचून झाकल्या आहेत? नुकत्याच भरलेल्या कॉलमना बारदान गुंडाळून ते ओलं ठेवलं आहे का? परांच्या स्थिर आहेत का? मशीनला वीज कशी दिली आहे? वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून काडीने घट्ट केलेली दिसली, तर तो ठेकेदार कितीही स्वस्त असला तरी मी पुढे बोलत नाही. स्वतःच्या माणसांचा जीव जो धोक्यात घालतो, तो तुमच्या भिंतीतल्या वायरची काळजी घेईल असं मानायला काही आधार नाही.

जुन्या कामाच्या मालकाला एकच प्रश्न नीट विचारा: शेवटचे पैसे दिल्यावर काही बिघडलं तेव्हा बोलावलं, तर तो आला का? काम कसं झालं याचं उत्तर लोक भिडेखातर "चांगलं" असंच देतात. या प्रश्नाला मात्र खरं उत्तर मिळतं.

ठेकेदाराला विचारायच्या गोष्टी वेगळ्या. रोज कामावर कोण उभं राहणार, तो स्वतः की मुकादम? एका वेळी किती कामं चालू आहेत? प्लंबिंग आणि वायरिंग त्याची माणसं करणार की पोटठेकेदार? वायरमनच्या बाबतीत परवान्याची प्रत मागा आणि काम संपल्यावर चाचणीच्या अहवालावर सही कोण करणार हे आधीच विचारून ठेवा. परवाना एकाचा आणि काम दुसऱ्याचं ही फार रुळलेली पद्धत आहे. ती चालवून घेऊ नका.

वायरिंगचं काम मुख्य ठेकेदाराकडेच द्यावं की वेगळ्या माणसाकडे? एकाकडे दिलं तर भांडणं कमी होतात, पण वायरमन कोण येणार यावर तुमचा ताबा राहत नाही. वेगळा वायरमन घेतला तर निवड तुमची, पण झिऱ्या (पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा) कोण बुजवणार, स्लॅब भरताना पाइप तुटला तर जबाबदारी कुणाची, हे दोघांना समोरासमोर बसवून ठरवावं लागतं. रोज कामावर जाऊ शकणाऱ्याने वेगळा वायरमन घ्यावा, असं माझं मत आहे. ज्याला ते शक्य नाही त्याने एकच जबाबदार माणूस ठेवावा.

कोटेशन वाचताना

किमान तिघांकडून कोटेशन घ्या, पण तिघांच्या हाती तुमचीच एकसारखी यादी आणि नकाशे द्या. नाहीतर तिघे तीन वेगवेगळ्या कामांचे दर सांगतात आणि तुलना निरर्थक होते.

दर देण्याच्या पद्धती साधारण तीन. मजुरीच्या दरात साहित्य तुमचं, हात त्यांचे; पैसे वाचतात, पण खरेदी, वाहतूक आणि नासाडी तुमच्या माथी. ठोक रकमेत बोजा कमी, पण यादीत नसलेली प्रत्येक वस्तू "एक्स्ट्रा" होते. बाबनिहाय दरात झालेलं काम मोजून पैसे; दुरुस्तीच्या कामाला मला हीच पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण जुन्या घरात प्लास्टर काढल्याशिवाय आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही.

बाबनिहाय दरात मोजमापाचा नियम आधी लिहून घ्या. प्लास्टर आणि रंग मोजताना दारं-खिडक्यांचं क्षेत्रफळ वजा करायचं की नाही? वायरिंगमध्ये "एक पॉइंट" म्हणजे काय? जिन्यातला दोन ठिकाणांहून लागणारा दिवा एक पॉइंट की दोन? एका बोर्डावरचे दोन सॉकेट किती धरायचे? बिलाच्या वेळची निम्मी वादावादी या प्रश्नांवरून होते, आणि सुरुवातीला ते पाच मिनिटांत सुटतात.

एखादं कोटेशन बाकीच्यांपेक्षा फारच खाली असेल तर त्यात काय नाही ते शोधा. राडारोडा उचलणं, परांची बांधणं, झिऱ्या बुजवणं, सामान वर चढवणं, कामासाठीचं पाणी आणि वीज, चाचण्या, कर या गोष्टी बहुधा गायब असतात. त्या प्रत्येक कोटेशनमध्ये मिळवा आणि मग तुलना करा. त्यानंतरही फरक राहिला तर तो साहित्यात असतो. म्हणून वायर, पाइप, एमसीबी, सिमेंट, वॉटरप्रूफिंगचं रसायन यांची कंपनी, प्रकार आणि माप लिहून घ्या. "उत्तम दर्जाचं" या शब्दाला करारात काही किंमत नाही.

करार आणि पैशांचे हप्ते

दोन पानांचा साधा करार पुरतो, पण तो हवा. कामाची यादी, नकाशे, साहित्य, दर, मोजमापाचा नियम, सुरू आणि संपण्याची तारीख, हप्ते, दोषदुरुस्तीची मुदत, मजुरांच्या विम्याची जबाबदारी. ओळखीचा माणूस असेल तर करार मागायला संकोच वाटतो. ओळखीच्याशीच तो आधी करावा, कारण तिथे पैशांबरोबर नातंही जातं.

हप्ते ठरवताना "अर्धं काम झाल्यावर ४० टक्के" असं लिहू नका. अर्धं म्हणजे किती यावर दोन माणसांचं कधी एकमत होत नाही. त्याऐवजी डोळ्यांनी बघता येईल असा टप्पा लिहा: "सर्व भिंतींतले पाइप आणि बॉक्स बसवून, मालकाने पाहून फोटो काढल्यावर, प्लास्टरच्या आधी." "बाथरूममध्ये पाणी साठवून गळती नाही हे पाहिल्यावर, टाइल्सच्या आधी." असे पाच-सहा टप्पे पाडा. उचल १० टक्क्यांच्या आसपास ठेवा. मोठं साहित्य आणायचं असेल तर त्याचे पैसे दुकानदाराला थेट द्या आणि बिल स्वतःच्या नावावर घ्या. शेवटी ५ ते १० टक्के रक्कम दोषदुरुस्तीच्या मुदतीसाठी राखून ठेवा, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा. काम संपल्यावर अचानक पैसे अडवणं अन्यायाचं आहे.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. टप्पा पूर्ण झाला की त्याच दिवशी पैसे द्या. ठेकेदाराला मजुरांचा पगार आठवड्याला करावा लागतो. तुम्ही दहा दिवस लांबवलं की त्याची चांगली माणसं दुसऱ्या कामावर जातात आणि तुमच्या वाट्याला नवशिके येतात. वेळेवर पैसे देणाऱ्या मालकाला काम नाकारण्याचा, पाडून पुन्हा करायला सांगण्याचा अधिकार आपोआप मिळतो.

मध्येच काही बदलायचं ठरलं तर काम सुरू होण्याआधी तीन गोष्टींचा मेसेज पाठवा: काय बदललं, किती पैसे वाढले किंवा कमी झाले, किती दिवस वाढले. ठेकेदाराचा होकार लेखी येऊ द्या. तोंडी सांगितलेले सात-आठ छोटे बदल शेवटच्या बिलात डोंगराएवढे होतात, आणि तेव्हा कोण काय म्हणालं होतं हे दोघांनाही आठवत नाही.

काँक्रीट आणि गवंडीकाम: काय बघायचं

लोखंड आलं की वजन तपासा. सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा आणि १६२ ने भागा. उत्तर एका मीटरचं वजन किलोमध्ये. १२ मि.मी.च्या सळईचं मीटरला ०.८९ किलो, म्हणजे १२ मीटरच्या नगाचं साधारण १०.७ किलो. थोडा फरक चालतो, मोठा असेल तर माल परत.

स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी इंजिनिअरला बोलावून लोखंड तपासून घ्या. सळया फळ्यांना टेकलेल्या नकोत. खाली कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे छोटे ठोकळे) हवेत, नाहीतर काँक्रीटचं आवरण राहत नाही, ओल लोखंडापर्यंत पोहोचते आणि काही वर्षांत ढलप्या पडू लागतात. विजेचे पाइप, पंख्यांचे बॉक्स, ड्रेनेजची भोकं याच दिवशी मोजा. भरलेल्या स्लॅबला नंतर भोकं पाडणं टाळा.

काँक्रीट ओततानाचा खरा वाद पाण्याचा. पातळ माल पसरायला सोपा, म्हणून मजूर पाणी वाढवत राहतात. पाणी आणि सिमेंट यांचं प्रमाण ०.५ ठरलं असेल तर ५० किलोच्या पिशवीला २५ लिटर पाणी, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. जास्तीचं पाणी सुकून गेल्यावर मागे सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि ताकद घटते. तिथे बादली मोजून देणारा माणूस उभा करा. मालाचे १५० मि.मी.चे क्यूब भरून ७ आणि २८ दिवसांनी तपासून घेतले तर मिश्रणाची ताकद हिशोबात किती आली ते कळतं.

मग पाणी मारणं. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, मिश्र सिमेंटला किंवा कोरड्या, कडक उन्हात १० दिवस किंवा त्याहून अधिक. सकाळ-संध्याकाळ शिंपडणं पुरत नाही. पृष्ठभाग सतत ओला हवा. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा. हे काम ठेकेदार बहुतेकदा वॉचमनवर सोडतो, म्हणून हे काम कुणी करायचं त्याचं नाव करारात घाला. सेंटरिंगचे टेकू कधी काढायचे हे इंजिनिअर सांगेल तसंच. फळ्या दुसऱ्या कामावर हव्यात हे घाईचं कारण होऊ शकत नाही.

विटांच्या कामात ओळंबा आणि गुण्या स्वतः लावून बघा, कुणी रागावत नाही. भिंत एका दिवसात दीड मीटरहून जास्त उंच चढवू देऊ नका. पाणी घातलेला सिमेंटचा माल साधारण दोन तासांत संपवायला हवा. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून वापरताना दिसला तर टाकून द्यायला सांगा.

वायरिंग: काय बघायचं

पहिली भेट भिंतीवर खडूने रेषा मारल्यावर, झिऱ्या पाडण्याआधी. पाइप उभे किंवा आडवे, बोर्डाच्या सरळ रेषेत हवेत, तिरके नकोत. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. पातळ भिंतीत लांबलचक आडवी झिरी म्हणजे भिंत कापणंच. कॉलम आणि बीमला छिन्नी लावायची नाही, कितीही लहान झिरी असली तरी.

दुसरी भेट पाइप बसल्यावर, प्लास्टरआधी. प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. भिंतीला टेप लावा म्हणजे जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं माप फोटोत दिसेल. अर्ध्या तासाचं हे काम पुढची अनेक वर्षं उपयोगी पडतं. ज्या भिंतीने मला हे शिकवलं, तिचा फोटो माझ्याकडे नाही. दुरुस्तीनंतरच्या बाकी सगळ्या भिंतींचे आहेत.

तिसरी भेट वायर ओढल्यावर. घरगुती कामात दिव्यांना १.५, सॉकेटला २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मि.मी. तांब्याची वायर हा सर्वसाधारण प्रघात आहे. लांबी आणि लोडनुसार तो बदलतो. कंपनी आणि माप वायरवरच छापलेलं असतं, ते वाचा. पाइपच्या आत जोड नको. जोड फक्त बॉक्समध्ये, जिथे हात पोहोचतो. पाइप ठासून भरलेला नको. एखादी वायर ओढून बघायला सांगा. ती सरकली तर उद्या बदलता येईल, नाही सरकली तर उद्या भिंत फुटेल.

आता डीबी, म्हणजे सगळे एमसीबी बसवलेली पेटी. एमसीबी वायरला जास्तीच्या करंटपासून वाचवतो. माणसाला शॉकपासून वाचवणं हे त्याचं काम नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) हवी. एमसीबी सारखा पडतो म्हणून मोठ्या अँपिअरचा बसवला जातो. हे फार धोक्याचं आहे, कारण मग एमसीबी पडण्याआधी भिंतीतली वायर तापते. तसंच आरसीसीबी सतत ट्रिप होते म्हणून ती बायपास करून देणारे वायरमनही भेटतात. ती ट्रिप होते तेव्हा बहुधा दोन सर्किटांचे न्यूट्रल (करंट परत नेणाऱ्या वायरी) एकमेकांत मिसळलेले असतात, न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असतो, किंवा एखाद्या उपकरणातून खरोखर गळती होत असते. कारण शोधायला वेळ लागतो. तो वेळ देणारा वायरमन निवडा, हवे तर त्याचे जास्त पैसे द्या.

एक गोष्ट रोजच्या कामातली. वायरमन आत हात घालतो तेव्हा मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप किंवा किमान पाटी लावा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी तो चालू करणार नाही. नुसत्या टेस्टरवर विसंबू नये. चांगला कारागीर व्होल्टेज मोजायचं मीटर आधी चालू लाइनवर तपासतो, मग काम करायच्या लाइनवर, मग पुन्हा चालू लाइनवर. कामावर पिण्याचं पाणी, संडास आणि सावली यांची सोय करा. दिवसभर घाम गाळणाऱ्या माणसाचा तो हक्क आहे.

काम ताब्यात घेताना

शेवटच्या मोठ्या हप्त्याआधी ठेकेदाराबरोबर खोली-खोली फिरा. दारं-खिडक्या उघडून बंद करा, नळ सोडा, बाथरूमच्या फरशीवर बादली ओता आणि पाणी जाळीकडे वाहतं का बघा. टाइल्स नाण्याने वाजवा. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही. बाथरूम आणि टेरेसवर टाइल्सआधी किमान २४, शक्य तर ४८ तास पाणी साठवून खालच्या छताकडे बघणं झालेलं असेलच. नसेल तर आत्ता थांबा. उरलेल्या कामांची यादी तारखांसह लिहा आणि दोघांनी सही करा.

विजेच्या चाचण्या वायरमनने तुमच्यासमोर कराव्यात. दिवे आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं जोडण्याआधी प्रत्येक सर्किटचं इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) मोजतात. किमान १ मेगाओहम ग्राह्य धरतात. नव्या, चांगल्या वायरिंगमध्ये आकडा त्याहून कितीतरी मोठा येतो. प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थ पोहोचला आहे का, स्विच फेजवरच (करंट आणणाऱ्या वायरवर) आहे का, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबल्यावर ती पडते का, हे बघा. आकड्यांसह सही केलेला अहवाल घ्या. नुसतं "सगळं ओके" लिहिलेला कागद परत करा.

बिनसलं तर

काम थांबलं किंवा बिघडलं तर आधी फोटो, मग लेखी कळवणं, मग समोर बसणं. रागाच्या भरात फोनवर बोलू नका. ठेकेदार सोडून जाणार असेल तर झालेलं काम दोघांनी मिळून मोजा, मोजमापावर सही करा, तेवढ्या कामाचे पैसे चुकते करा आणि साइटवरचं साहित्य कुणाचं ते लिहून ठेवा. नवा ठेकेदार आला की जुन्याच्या कामाला नावं ठेवतोच. त्याच्या म्हणण्यावर पाडापाडी करण्याआधी इंजिनिअरचं मत घ्या.

राखून ठेवलेली रक्कम मुदत संपल्यावर मागण्याची वाट न पाहता द्या. मुदत निदान एक पूर्ण पावसाळा निघून जाईल इतकी असावी, कारण गळती त्याआधी दिसत नाही. नकाशे, भिंतींचे फोटो, चाचणी अहवाल, बिलं आणि वॉरंटी कार्डं एका फाइलमध्ये लावा. डीबीच्या दाराच्या आत कुठला एमसीबी कुठल्या खोलीचा ते लिहून चिकटवा, आणि आरसीसीबीचं बटण अधूनमधून दाबून बघत राहा. पुढच्या वेळी भिंतीत खिळा ठोकायचा असेल तेव्हा आधी ती फाइल काढा.